पंचांचा निर्णय अंतिम, मग जबाबदारी कोणाची?

गावोगावच्या कबड्डी स्पर्धांची पत्रके काढून बघा. बक्षिसांच्या रकमा, देणगीदारांची नावे, प्रमुख पाहुण्यांचे फोटो आणि तळाला बारीक टायपात दोन ओळी ठरलेल्या. ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ ‘स्पर्धेदरम्यान दुखापत झाल्यास संयोजक जबाबदार राहणार नाहीत.’ वर्षानुवर्षे या दोन ओळी शेजारी-शेजारी छापल्या जातात. त्या एकत्र वाचल्या तर काय निघते, याचा विचार कोणी करत नाही. सगळा अधिकार पंचाचा, आणि संयोजकांनी आधीच हात झटकलेले. उद्या एखाद्या पोराची मान मोडली तर मैदानावर उरतो कोण? शिट्टी गळ्यात अडकवून उभा असलेला शाळेतला पीटीचा मास्तर, नाहीतर गुडघे गेलेला माजी खेळाडू. त्याला मिळणारे मानधन येण्याजाण्यात आणि चहापाण्यातच संपते.

या माणसाला कायदा शिकवायला हवा. त्याला घाबरवण्यासाठी मी हे म्हणत नाही. उलट, तो आज ज्या गोष्टीला घाबरतो तिला घाबरायचे कारण नाही आणि ज्या गोष्टीला घाबरायला हवे तिची त्याला कल्पनाच नाही, ही खरी अडचण आहे.

आपला पंच घाबरतो तो चुकीच्या निर्णयाला. गुण इकडचा तिकडे गेला की प्रेक्षक उठतात, मंडळाचे कार्यकर्ते अंगावर धावून येतात, रात्रीतून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरतो. पंच परीक्षेचा अभ्यासही त्याच धास्तीने होतो. बोनस कधी, लोण कधी, पाय रेषेवर पडला की रेषेबाहेर. कायद्याला यातल्या कशातच फारसा रस नाही. १९८२ साली अमेरिकेत आयोवा आणि पर्ड्यू या विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्यात जिम बेन या रेफरीने अगदी शेवटी एक फाउल दिला आणि आयोवा हरले. आयोवाच्या संघाच्या नावाने कपडे विकणाऱ्या एका दुकानदार जोडप्याने मग गळ्यात फास असलेल्या माणसाचे चित्र आणि ‘जिम बेन फॅन क्लब’ असा मजकूर छापलेले टीशर्ट विकायला काढले. बेन कोर्टात गेला, तर त्यांनी उलटा दावा ठोकला, की तुझ्या निर्णयाने आमचा धंदा बुडाला. १९८४ मध्ये आयोवाच्या अपील न्यायालयाने तो दावा उडवून लावला. दुकानदाराच्या गल्ल्याची काळजी वाहणे हे रेफरीचे काम नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

पंच अडकतो तो दुसऱ्याच दाराने.

ऑक्टोबर १९९१. इंग्लंडमध्ये सटन कोल्डफील्ड आणि बर्टन या क्लबांच्या एकोणीस वर्षांखालील मुलांचा रग्बीचा सामना. बेन स्मोल्डन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा ‘हुकर’च्या जागी खेळत होता. रग्बीतल्या स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू एकमेकांत अडकून रेटा देतात. हुकर असतो पुढच्या रांगेच्या मधोमध. त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर गुंतलेले असतात, डोके समोरच्यांच्या मध्ये. स्क्रम कोसळला तर तो हात टेकवूनही स्वतःला सावरू शकत नाही. म्हणून कोवळ्या खेळाडूंसाठी खास नियम होता, की दोन्ही रांगांनी धावत येऊन आदळायचे नाही. वाका, स्पर्श करा, थांबा, मग भिडा अशा टप्प्यांनी जुळायचे. त्या दिवशी रेफरीने हा क्रम पाळायला लावला नाही. स्क्रम पुन्हा पुन्हा कोसळत राहिले. रेषेवरच्या पंचाने सांगितलेही, की असे चालू राहिले तर कोणालातरी लागेल. खेळ तसाच चालू राहिला आणि एका स्क्रममध्ये स्मोल्डनची मान मोडली. तो कायमचा लुळा झाला.

त्याने दावा लावला तो समोरच्या संघातल्या एका खेळाडूवर आणि रेफरीवर. खेळाडू सुटला, रेफरीवर जबाबदारी आली. १९९६ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. रेफरीच्या वकिलांचा युक्तिवाद आपल्याकडेही सर्रास ऐकू येणाराच होता: मैदानात उतरला म्हणजे त्याने धोका पत्करला. सरन्यायाधीश लॉर्ड बिंगहॅम यांच्या पीठाने त्याला दिलेले उत्तर प्रत्येक पंचाने पाठ करावे असे आहे. खेळाडू खेळातल्या नेहमीच्या धक्क्या-बुक्क्यांना तयार असतो, पण ज्याचे कामच सुरक्षिततेचे नियम पाळायला लावणे आहे त्याने ते काम सोडून द्यावे, याला त्याने कधीच संमती दिलेली नसते. त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावले, की धावपळीच्या खेळात पंचाला क्षणात ठरवावे लागते, त्यामुळे त्याच्यावर ठपका ठेवण्याची पायरी उंचच असली पाहिजे. साध्यासुध्या चुकीने ती ओलांडली जात नाही.

मग कशाने जाते? याचे उत्तर दुसऱ्या खटल्यात अधिक स्पष्ट आहे. १७ जानेवारी १९९८, वेल्समध्ये लानहॅरन आणि टोंडू या क्लबांच्या दुय्यम संघांचा सामना. लानहॅरनच्या पुढच्या रांगेतला एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला. त्या जागेवर खेळायला सवय असलेला बदली खेळाडू नव्हता. नियम सांगत होता, की तयारीचा माणूस नसेल तर यापुढचे स्क्रम रेटारेटीशिवाय, नावापुरते घ्यायचे. रेफरीने निर्णय संघावर सोपवला आणि वर सांगितले, की तसे स्क्रम घेतलेत तर जिंकूनही लीगचे गुण मिळणार नाहीत. संघातला एक जण ‘मी बघतो खेळून’ म्हणत पुढे आला. त्याला तिथे खेळण्याचा काही अनुभव आहे का, हे रेफरीने विचारले नाही. सामना संपता संपता एक स्क्रम नीट जुळला नाही आणि हुकर रिचर्ड व्हाउल्सच्या मणक्याला इजा होऊन तो व्हीलचेअरला खिळला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने रेफरीला निष्काळजी ठरवले. भरपाईचा भार मात्र ज्यांनी त्याला नेमले त्या वेल्श रग्बी युनियनवर गेला.

या निर्णयाची वेळ बघा. खेळ थांबलेला होता. बॉल हवेत नव्हता, कोणी धावत नव्हते. नियम लिहिलेला होता. दोन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट पुरला असता. कायदा पंचाला धरतो तो अशा जागी: जिथे विचार करायला सवड होती, सुरक्षिततेचा नियम होता आणि तो सोयीसाठी बाजूला ठेवला गेला. एका झटक्यात दिलेला चुकीचा निर्णय वेगळा आणि थांबून, विचारपूस न करता, सगळ्यांच्या मनासारखे केलेले दुर्लक्ष वेगळे. दुसऱ्यालाच आपल्याकडे ‘समजूतदार पंच’ म्हणतात, ही गंमत.

नियम पाळले असतील तर न्यायव्यवस्था पंचाच्या पाठीशी उभी राहते, याचीही उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज २०१४ च्या नोव्हेंबरात सिडनीत बाउन्सर लागून गेला. पुढे झालेल्या चौकशीत त्या दिवशी त्याला किती आखूड चेंडू टाकले गेले याचा चेंडू-चेंडूचा हिशेब मांडला गेला. पंचांनी कसूर केली असे चौकशी अधिकाऱ्याला आढळले नाही. धोकादायक गोलंदाजीचे नियम मात्र अधिक स्पष्ट करावेत, असे त्याने सुचवले. इंग्लंडमध्येच एका क्लब क्रिकेटपटूने ओल्या मैदानावर खेळवल्याने दुखापत झाली म्हणून पंचांच्या संघटनेवर दावा लावला होता. तो २०१५ मध्ये फेटाळला गेला.

क्रिकेटच्या पंचाचे एक बरे आहे. त्याच्या नियमावलीतच लिहिलेले आहे, की खेळाडूच्या किंवा पंचाच्या सुरक्षिततेला प्रत्यक्ष आणि आधी दिसू शकणारा धोका असेल तर परिस्थिती धोकादायक समजायची, आणि दोन्ही पंचांचे त्यावर एकमत झाले की खेळ लगेच थांबवायचा. या वाक्यात वकिलाची भाषा आहे आणि ती पंचाच्या हातात दिलेली आहे. १९९८ साली जमैकाच्या सबायना पार्कवर इंग्लंड आणि वेस्ट इंडीज यांची कसोटी खेळपट्टी धोकादायक म्हणून १०.१ षटकांतच सोडून दिली गेली. पंच होते स्टीव्ह बकनर आणि आपले वेंकटराघवन. २००९ च्या डिसेंबरात दिल्लीत कोटलावर भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना याच कारणाने २३.३ षटकांनंतर बंद केला गेला. स्टेडियम भरलेले, टीव्हीवाल्यांचे पैसे गुंतलेले, तरी सामना थांबला. कारण थांबवणाऱ्याच्या मागे नियम होता, सामनाधिकारी होता, आयसीसी होती.

आता हेच एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी, मंडळाच्या स्पर्धेत आणून बघा. अवकाळी पाऊस शिंतडून गेलाय. मातीच्या मैदानावर भुसा टाकलाय, पण बोनस रेषेच्या पलीकडचा कोपरा अजून चिकट आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, दोन उपांत्य आणि अंतिम सामना बाकी आहे. आमदारसाहेब येऊन बसलेत, त्यांना पुढे आणखी दोन कार्यक्रम आहेत. सरपंचाने, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाने, मैदानात पाय घासून बघितला आणि मान हलवली, की मंडळाचा अध्यक्ष खांद्यावर हात टाकतो. ‘गुरुजी, दोन्ही टीम तयार आहेत, तुम्ही कशाला ताणता? उरकून घ्या.’ गुरुजींना घरी जायचे असते, पुढच्या वर्षीही बोलावणे यावे असे वाटत असते. गुरुजी शिट्टी मारतात. लानहॅरनच्या रेफरीने केले ते यापेक्षा वेगळे नव्हते. त्यानेही संघांच्या मर्जीवरच सोडले होते.

आणि कबड्डीच्या नियमात सुरक्षिततेचे काही नाही असे कोणी म्हणू नये. सामन्याआधी खेळाडूंची नखे कापलेली आहेत का ते बघायचे, अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढायला लावायची, अंगाला तेल चोपडलेले चालणार नाही. चढाईपटूचे तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे, इजा होईल अशी पकड करणे हे सगळे फाउल आहेत. हिरवे, पिवळे, लाल कार्ड आहे. जोराच्या पावसात सामना थांबवता येतो. कुमार गटाला सत्तर किलोची मर्यादा आहे आणि वजनकाट्यावर ती तपासायची असते. वजन, वय आणि नखे या बाबी आपल्याकडे ‘फॉर्मॅलिटी’त जमा होतात. न्यायालयात नेमके हेच पहिले विचारले जाईल: काट्यावर उभे केले होते का, कोणी केले, कागद कुठे आहे.

जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात तर हा कागदच नसतो. तिथे पंच म्हणजे गावातला नावाजलेला जुना वस्ताद, आणि नियम त्याच्या तोंडी. जोड नीट लावणे आणि वेळेवर कुस्ती सोडवणे हीच तिथली सुरक्षितता. चांगले वस्ताद ती चोख पाळतातही. पण इनाम मोठे असले आणि ‘निकालीच पाहिजे’ असा गलका सुरू झाला, की दमलेल्या, मानेवर अडकलेल्या पैलवानाला सोडवायला हात उशिरा पुढे होतो.

आपला कायदा याबद्दल काय म्हणतो? १८६० च्या दंड संहितेत संमतीबद्दलचे एक कलम होते, ८७ वे. आता तेच भारतीय न्याय संहितेत कलम २५ म्हणून आले आहे. त्याचे उदाहरणच खेळाचे आहे: दोघे करमणुकीसाठी तलवारबाजी करायचे ठरवतात, खेळ सरळ चालू असताना, लबाडी न करता एकाकडून दुसऱ्याला लागले, तर तो गुन्हा नाही. या ढालीला दोन भोके आहेत आणि दोन्ही कलमाच्या शब्दांतच आहेत. ती सरळ खेळापुरती आहे, आणि ती अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीपुरती आहे. आपल्या शालेय स्पर्धांतले जवळपास सगळे खेळाडू त्या वयाच्या आतले. शाळा पालकांकडून ‘जबाबदारी आमची’ असे संमतीपत्र भरून घेते आणि निश्चिंत होते. निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा अशा चिठ्ठीने पुसला जात नाही.

निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर न्याय संहितेचे कलम १०६ लागते. जुन्या ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. त्याच कलमात नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना झालेल्या निष्काळजीपणासाठी कमाल दोन वर्षांची सवलत ठेवली आहे. शिवाय २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांसाठी बांध घालून दिला आहे: निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर असला पाहिजे, दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय खटला भरू नये, उठसूट अटक करू नये. कबड्डीचा पंच या दोन्ही सवलतींच्या बाहेर उभा आहे. त्याच्याबद्दल दुसऱ्या जाणकार पंचाचे मत घ्यावे, असे तपास अधिकाऱ्याला कोणीही सांगितलेले नाही.

इंग्लंड-वेल्समधले खटले दिवाणी होते, हे विसरून चालणार नाही. तिथे प्रश्न होता पैशाचा, आणि पैसे देणारे कोणीतरी मागे होते. आपल्याकडे दिवाणी दाव्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. दहा वर्षे तारखा घ्यायला सवड कोणाला आहे? घरातला मुलगा गेला की लोक पोलीस ठाण्यात जातात, आणि ते स्वाभाविकच आहे. जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूत किकबॉक्सिंगच्या लढतीत डोक्याला मार लागून मैसूरचा तेवीस वर्षांचा खेळाडू दगावला, तेव्हा आयोजकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. आयोजकावर झाला, पण ‘दुखापतीस संयोजक जबाबदार नाहीत, पंचांचा निर्णय अंतिम’ असे छापणारा आयोजक उद्या बोट कोणाकडे दाखवेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे सगळे सांगत बसलात तर पंच म्हणून कोणी उभेच राहणार नाही. आधीच माणसे मिळत नाहीत. मला हा आक्षेप हलका वाटत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीनंतर मल्लाने पंचाला लाथ मारलेली सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. गोंधळ घालणाऱ्या दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घातली गेली. ज्या स्पर्धेत कॅमेरे आणि मंत्री असतात तिथे ही गत, तर आडगावच्या मैदानाचे काय सांगावे? डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये वेगळा कायदा केला, पत्रकारांसाठी २०१७ मध्ये केला. पंचाला मारले तर साध्या मारहाणीची कलमे. ज्याला कसलेच संरक्षण नाही त्याच्यासमोर फक्त जबाबदाऱ्यांची यादी वाचली, तर तो शिट्टी ठेवून घरी जाईल आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही.

वेल्सच्या खटल्यात नेमका हाच मुद्दा न्यायाधीशांपुढे आला होता: हौसेने काम करणाऱ्या रेफरीवर जबाबदारी टाकली तर रग्बीला रेफरी मिळणार नाहीत. न्यायालयाला तो पटला नाही. पंचामागे संघटना उभी राहिली तर पंच टिकतात. आपल्याकडे तुटलेली कडी हीच आहे. जिल्हा आणि राज्य संघटना पंच परीक्षा घेतात, बॅज देतात, स्पर्धेला मान्यता देताना फी घेतात, पंचांची नावेही तेच पाठवतात. नेमणूक त्यांची असेल तर जोखीमही त्यांनी उचलली पाहिजे. मान्यतेच्या फीमधूनच पंचांचा आणि खेळाडूंचा गट विमा काढता येतो. रुग्णवाहिका आणि प्रथमोपचाराचा माणूस असल्याखेरीज पहिला सामना सुरू करायचा नाही, आणि हे मान्यतापत्रातच लिहायचे, म्हणजे आमदारसाहेबांसमोर गुरुजींना स्वतःच्या नावावर नकार द्यावा लागणार नाही. मॅच थांबवल्यामुळे पुढच्या वर्षी त्या पंचाला वगळले, तर त्या मंडळाची मान्यता रद्द करायची. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण संघटना मंडळांच्या मतांवर चालतात.

पंचाने स्वतः करायचे ते फार नाही. गुणपत्रकाच्या कोपऱ्यात पेनाने दोन ओळी लिहिल्या तरी पुरे: ‘१०.४०, उजवा कोपरा निसरडा, भुसा टाकून घेतला, दोन्ही कर्णधारांना दाखवला’, आणि खाली कर्णधारांच्या सह्या. सुरक्षिततेच्या नियमात तडजोड संघांच्या संमतीने होत नाही, हे ठाम सांगायचे. डोके आपटलेला खेळाडू ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी त्याच्या शब्दावर जायचे नाही. आणि शालेय स्पर्धांत काम करणाऱ्यांनी पोक्सो कायद्याचे कलम १९ एकदा वाचावे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणे कोणालाही बंधनकारक आहे, आणि न कळवणे हाच गुन्हा आहे. ‘कोणालाही’ मध्ये बाहेरगावाहून एका दिवसासाठी आलेला पंचही येतो. हे मी एकाही पंच शिबिराच्या विषयपत्रिकेत पाहिलेले नाही.

सरकारकडून हवे आहे ते थोडेच. खेळातल्या दुखापतीवरून पंचावर गुन्हा नोंदवण्याआधी त्या खेळातल्या, पण त्या जिल्ह्याबाहेरच्या दोन अनुभवी पंचांचे लेखी मत घ्यावे, एवढे गृह विभागाने परिपत्रक काढून सांगितले तरी पुष्कळ झाले. डॉक्टरांसाठी जे न्यायालयाला सुचले ते इथेही लागू व्हायला हरकत काय? असे मत देणाऱ्या पंचांची यादी क्रीडा विभागाने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे ठेवावी. आणि त्या यादीत नाव यायचे असेल तर पंचाने कायद्याचा एक पेपर दिलेला असावा, अशी अट घालावी.